एक अक्षर मागे चालणारं यंत्र

दस्तगीर, तुझ्या निधनाची बातमी मी लिहिली नाही. ती आपल्या कार्यालयात दुसऱ्या कुणीतरी लिहिली. चार ओळी, आतलं पान, उजवीकडे खाली. तिच्यात तू 'टेलिप्रिंटर विभागातील कर्मचारी' आहेस, गावाचं नाव बरोबर आहे आणि वय चुकलेलं आहे. 'ते अत्यंत मनमिळाऊ होते' असंही छापलं आहे. तू मनमिळाऊ नव्हतास. तू हट्टी होतास, आणि वाद हरत आलास की चहाला यायचं बंद करायचास. मुद्रितशोधनात ते वाक्य कुणी काढलं नाही. जागा भरायची होती.

म्हणून हे वेगळं लिहितो आहे. आपला वाद अर्धा राहिला. ज्या गोष्टीवरून तो झाला ती गोष्ट तू गेल्यावर तुझ्या आईच्या दारात घडली, आणि ती तुला सांगणारं कुणी नाही.

सुरुवात हसनच्या तारेपासून करावी लागेल. तुझा थोरला भाऊ हसन दुबईला गेला त्या वर्षी तू सांगलीत होतास, वृत्तपत्राच्या कार्यालयात, माझ्या टेबलामागच्या खोलीत, यंत्रापाशी. ही हकीकत मी तुझ्याकडून ऐकली आणि नंतर तुझ्या अम्माकडून. दोन्ही जुळतात.

पाटणच्या अलीकडे नदीकाठी तुमचं गाव. तिथे तार येते ती कुणी गेल्याचीच, असा नियम. तार फोडायची नाही, आधी रडायचं. वाचणारा येईल तेव्हा येईल. पाटणहून बापू पोस्टमन सायकलवर तार घेऊन आला तो कराडच्या बाजाराचा दिवस होता, आणि इंग्रजी वाचणारे एकटे मास्तर बाजाराला गेलेले होते. अम्माने पाकीट हातात घेतलं आणि दारातच बसली. बाया जमल्या. आळीत चुली पेटल्या नाहीत. पलीकडच्या गावी नातेवाइकांना सांगावा गेला, ते रडतच आले. मास्तर संध्याकाळच्या एसटीने उतरले, त्यांनी पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्या वाचलं : पोहोचलो, खुशाल आहे, काळजी नसावी.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "आवं चाची, आता साखर वाटा की!" अम्माने साखर वाटली नाही. तू पुढच्या सुट्टीला गेलास तेव्हा ती तुला एवढंच म्हणाली, "आदी मी रडले, मग मास्तर बोलला, मग गाव हसलं. माझा हसन कवा बोलला रं?"

अम्मा निरक्षर नव्हती, हे इथे नोंदवायला हवं. मिरजेच्या माहेरी तिच्या वडिलांनी तिला उर्दू शिकवलं होतं. हसनची पत्रं ती स्वतः वाचत असे, उंबऱ्यावर बसून, ओठ न हलवता. दुसऱ्या कुणाच्या तोंडून लेकरांचं बोलणं ऐकायची तिला सवय नव्हती आणि इच्छाही नव्हती. पण तार रोमन अक्षरांत यायची. तारेपुढे ती आंधळी होती.

तू दोन कामं हाती घेतलीस. अम्माची तारेची भीती घालवायची, हे एक. तिला स्वतः वाचता येईल अशा अक्षरांत तार यावी, हे दुसरं. पहिलं तुला जमलं. दुसरं राहिलं. उलट झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. हे वाक्य मी तीन वेळा खोडून पुन्हा लिहिलं आहे.

भीती घालवण्यासाठी तू घरी तारा पाठवायला लागलास. कारण नसताना. 'आंबे मिळाले.' 'नवा चष्मा घेतला.' इंग्रजी मजकूर माझ्याकडून करून घ्यायचास.

"दिनू, सांगलीत ऊन लय हाय, हे इंग्रजीत कसं म्हणायचं?"

"तारेनं हवामान कोण पाठवतं?"

"वेधशाळा पाठवती. तिच्या तारेला कोण रडतं का? मग माझ्या बी तारेला कुणी रडायचं न्हाई."

तू अम्माला नियम घालून दिलास. माझी तार आली की आधी बापूच्या हातावर साखर ठेवायची, मग ती फोडून कुणाकडून वाचून घ्यायची. घाई करायची नाही, कारण माझ्या तारेत घाईचं काही नसणारच. पहिल्या दोन-तीन वेळा तिने तार उंबऱ्यावर ठेवायला लावली, असं बापू सांगत होता. नंतर हातात घ्यायला लागली. पाटणच्या तार ऑफिसात तुमच्या घरची तार हा थट्टेचा विषय झाला. "काय बापू, आज गोड खायला चाललास?" असं तिथले लोक विचारायचे.

मी तुला एकदा म्हटलं होतं की भीती अगदीच बिनकामाची नसते. घाबरलेला माणूस अर्धा तयार असतो. तू उसळलास.

"भूकंप झाला तवापास्नं आमी कोयनेकाठची माणसं घाबरूनच झोपतो. जमीन हलली तर हलू दे, ती काय आमच्या हातात न्हाई. पर कागदाला कशाला भ्यायचं? कागुद तर माणसानंच पाठवलेला हाय न्हवं?"

 याचं उत्तर मला आज सुचतं आहे, पण ते ऐकायला तू नाहीस. म्हणून मी ते इथे पुढे लिहिणार आहे, तुझ्या गैरहजेरीचा फायदा न घेता, जेवढं खरं आहे तेवढंच.

आता दुसरं काम. छपाईखात्यामागच्या शेडमध्ये आपलं जुनं टेलिप्रिंटर भंगारात पडलं होतं. व्यवस्थापकांना विचारून तू ते ताब्यात घेतलंस; हे जमलं की तसंच दुसरं पाटणच्या तार ऑफिसात बसवू, असं तू म्हणायचास. "भंगारचं भंगारच करायचं असंल तर कर बाबा," ते म्हणाले. त्याची इंग्रजी अक्षरं तू काढून टाकलीस आणि पितळेच्या तुकड्यांवर कानशीने उर्दू अक्षरं घासायला बसलास. दुपारची पाळी संपली की शेडमधून खर्र खर्र आवाज येई. खिळे जुळवणारे जुळारी विचारायचे, "आत दाढी कोण करतंय?"

हे यंत्र कसं चालतं हे कार्यालयातही फार लोकांना ठाऊक नव्हतं, म्हणून लिहितो. टेलिप्रिंटर अक्षर पाठवत नाही, भोकं पाठवतं. कागदी फितीवर पाच जागांची एक आडवी रांग असते. प्रत्येक जागी भोक असतं किंवा नसतं. त्या पाच जागांतून बत्तीस वेगवेगळ्या रांगा होतात, आणि एकेक रांग एकेका अक्षराच्या नावाची. दुसऱ्या टोकाचं यंत्र रांग ओळखतं आणि ते अक्षर कागदावर आपटतं. म्हणजे तारेतून जातो तो फक्त क्रम. चेहरा पलीकडे गेल्यावर मिळतो.

मी पहिल्याच दिवशी अडवलं होतं. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, फीत तर एकाच दिशेने सरकते, मग कसं?

"फितीला उजवं-डावं न्हाई, दिनू. तिला आदी आणि मागनं एवढंच कळतं. कागदाच्या कुठल्या अंगानं लावायचं ते यंत्र बघून घेईल."

ते वाक्य माझ्या कामी आलं. किती वर्षं मी बातम्या लिहितो आहे, आणि काय आधी घडलं, काय मागून, एवढं नीट लावलं की बातमी उभी राहते, हे मला तुझ्या फितीने शिकवलं. तुझ्यासमोर हे कधी कबूल केलं नाही. केलं असतं तर तू महिनाभर ऐकवलं असतंस.

खरा वाद रूपांवरून झाला. उर्दूचं अक्षर शब्दात शिरलं की शेजाऱ्याप्रमाणे बदलतं. पुढे कुणी असेल तर हात पुढे करून त्याला धरतं, कुणी नसेल तर आपलं शेपूट मोकळं सोडतं. काही अक्षरं कुणाचाच हात धरत नाहीत. रूपं याहून जास्त आहेत, पण तू दोनांवर भागवायचं ठरवलंस : धरलेलं आणि सोडलेलं. मी म्हणालो, मग एकेका अक्षराला दोन रांगा दे. मी तुला हाताला धरून जुळाऱ्याच्या केसपाशी, खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, नेलं. मराठीचे खिळे दाखवले. पूर्ण त एका खणात, अर्धा त दुसऱ्या खणात, त्र तिसऱ्यात. डोळ्याला जेवढं वेगळं दिसतं तेवढे खिळे, तेवढे खण. छपाईचा धंदा यावर चालतो.

"खिळे कितीबी असू दे, अक्षर एकच," तू म्हणालास. "तू ऑफिसात पँट घालतोस आणि घरी पट्ट्यापट्ट्याचा लेंगा. म्हणून पगार दोघं उचलता काय?"

"एकच मिळतो, तीच तर अडचण आहे."

केसपाशी उभे असलेले सगळे हसले. तू हसला नाहीस. तू म्हणालास, पाठवणाऱ्याने फक्त अक्षर पाठवायचं. कपडे यंत्राने घालायचे. आणि पुढे कोण येतंय ते कळल्याशिवाय कपडे ठरत नाहीत, म्हणून यंत्राने एक अक्षर हातात धरून थांबायचं. पुढचं आलं की मगच आधीचं छापायचं.

त्यासाठी तू जुन्या टेलिफोनच्या सामानातून पाच खटके आणलेस. आलेली रांग त्या पाच खटक्यांत अडकून राहायची. पुढची रांग आली की आधीची सुटायची. तुझं यंत्र नेहमी एक अक्षर मागे असे.

पहिला शब्द छापलास तो हसन. सुट्टीची दुपार होती, शेडमध्ये आपण दोघंच. मी भिंतीवरच्या तक्त्यातून अक्षरांची नावं वाचत होतो, ह चं 'हे', स चं 'सीन', न चं 'नून', आणि तू कळा दाबत होतास. हे. यंत्र गप्प. सीन. खट्, आणि कागदावर 'हे' उमटला, हात पुढे केलेला. नून. खट्, सीन उमटला, तोही हात पुढे केलेला. मग काहीच नाही. कागदावर हस एवढंच होतं, आणि सीनचा हात हवेत.

"बिघडलं," मी म्हणालो.

"बिघडलं न्हाई. वाट बघतंय. त्याला अजून ठावं न्हाई शब्द संपला का."

तू रिकाम्या जागेची पट्टी दाबलीस. खट्. नून उमटला. खोलगट वाटी आणि वाटीत एक टिंब. पुढे कुणी असतं तर तो नुसता एक दात झाला असता. कुणी नाही हे कळलं, म्हणून त्याला वाटी मिळाली.

त्या दिवशी तू मला मिसळ खाऊ घातलीस. मी मनातून तुझ्या बाजूचा झालो होतो. तोंडाने मात्र म्हणालो की एका शब्दावरून काही ठरत नाही. हे तुझ्याच चांगल्यासाठी होतं असं मी म्हणणार नाही. वाद चालू राहावा असं मला वाटत होतं. दुपारच्या त्या तासाइतका बरा तास माझ्या दिवसात दुसरा नव्हता.

माझं काम फीत तपासण्याचं. "तू प्रूफं वाचतोस ना, मग हे बी वाच," तू म्हणालास. मी भोकांवरून अक्षरं म्हणायची, तू मूळ मजकुराशी ताडायची. अलिफ, लाम, मीम. अशी मला तुमची सगळी अक्षरं आली, एकेकटी. जोडाक्षरं न शिकलेल्या पहिलीतल्या पोरासारखी. जोडलेला शब्द समोर ठेवला की मला आजही वाचता येत नाही.

मग अडचण आली ती तुझ्या घरच्या भाषेतूनच. रिकामी जागा, ओळ बदलणं वगैरे यंत्राच्या चार खुणा सोडल्या की बत्तिसांतून अठ्ठावीस रांगा उरतात. अरबीची अक्षरं अठ्ठावीस. अरबी नेमकी बसली. उर्दू बसेना. अरबांकडे नसलेली, इकडच्या आणि वाटेवरच्या इराणच्या बोलण्यासाठी मागून घातलेली अक्षरं बाहेर राहिली : प, च, ट, ड, ग. तुला पाटण लिहिता येईना, कराड लिहिता येईना. शेवटी लक्षात आलं की दस्तगीरसुद्धा लिहिता येत नाही, कारण त्यात ग आहे.

तू तोड काढलीस. ओळ बदलण्याच्या दोन खुणांतली एक मोकळी केलीस आणि तिला नवा अर्थ दिलास : पुढचं अक्षर आपल्याकडचं. ती खूण आणि मग क, म्हणजे ग. तक्त्यावर त्या खुणेचं चित्र तू छोटं वर्तुळ असं काढलंस.

मी विचारलं, "एका अक्षराला एक रांग, हे तुझं तत्त्व. मग ग ला दोन कशा? अरबी क घरात आणि तुझा ग पाहुणा?"

"पाहुणा न्हाई. घरचाच हाय. जागा न्हाई म्हणून ओट्यावर झोपलाय."

"घरचा माणूस कायम ओट्यावर झोपला की त्याला घरचा कोण म्हणणार?"

तुझा चेहरा बदलला. मी ते यंत्राबद्दल बोललो होतो. तुला ते यंत्राबद्दलच ऐकू आलं का, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. तू त्या आठवड्यात चहाला आला नाहीस. नंतर आलास तेव्हा एवढंच म्हणालास, "सहा भोकांची रांग असती तर समदे आत मावले असते." सहा भोकांचं यंत्र आपल्याकडे नव्हतं. कुठे असलं तर असेल.

मिरजेच्या दवाखान्यात मी तुला भेटायला येत होतो. कावीळ आहे, उतरेल, असं सगळे म्हणत होते. तूही म्हणत होतास. तुझे डोळे झेंडूसारखे पिवळे झाले होते आणि तू त्यावरून नर्सची चेष्टा करत होतास. अम्माला कळवायचं नाही, अशी तू मला ताकीद दिलीस. "बरा झालो की मीच तार करतो. कावीळ झाली हुती, गेली. म्हातारी बापूला साखर देऊन मोकळी हुईल." मी म्हणालो, बरा होईपर्यंत ग चं काय करायचं ते ठरव. एका अक्षराला दोन रांगा लागतात हे एकदा मान्य कर.

"बरा झालो की भांडू," तू म्हणालास.

हे तुझं मला उद्देशून शेवटचं वाक्य. त्यानंतर तू बोललास, पण माझ्याशी नाही. कुणाशी ते कळलं नाही.

पहाटे तू गेलास. पाटणकडे फोन लागत नव्हता. कार्यालयाने सकाळी तार केली, इंग्रजीत, जशी करतात तशी : दस्तगीरचं निधन, आज दफन. मग जीपची व्यवस्था झाली. तुला घेऊन आम्ही निघालो. उसाचा हंगाम होता. इस्लामपूरच्या पुढे कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग रस्ताभर उभी होती आणि गाडीवान उतरून विड्या ओढत होते. एकाने जीपमध्ये डोकावलं, पांढरं कापड पाहिलं आणि पुढच्याला ओरडून सांगितलं, "आरं, गाड्या बाजूला घ्या, मयत हाय!" गाडीमागून गाडी हलली. त्यात वेळ गेला. कराडला संगमाच्या अलीकडे मौलवीसाहेब जीपमध्ये बसले. आम्ही गावात पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

पुढचं मी पाहिलं ते असं. अम्मा दारात बसून तांदूळ निवडत होती. जीप पाहून ती उठली. मला तिने ओळखलं आणि ती हसली. म्हणाली, "दिनकर, तू बी आलास व्हय? तरीच दुपारी दस्तूची तार आली. येतोय म्हणूनच केली असंल. मास्तर अजून आला न्हाई वाचायला."

तार कोनाड्यात होती. फोडलेली नव्हती.

  मौलवीसाहेब उतरले, आणि तिने माझ्या खांद्यावरून जीपच्या मागच्या भागाकडे पाहिलं.

बापू मला दफन झाल्यावर कब्रस्तानाच्या भिंतीपाशी भेटला. तार ऑफिसात तार उतरवून घेणाऱ्याने त्याला मजकूर सांगितला होता. ठाऊक असून तो तुमच्या दारात गेला. "सांगायचंच म्हणून गेलो हुतो, साहेब," तो म्हणाला. "तोंड उघडलं, तर चाचीनं माझ्या हातावर साखर ठिवली. हसत हुती. मग कसं बोलू?  साखर खाल्ली न्हाई. टाकली बी न्हाई. तशीच मूठ आवळून पाटणपातूर गेलो, एका हातानं सायकल हाणत." त्याने मला तो हात उघडून दाखवला. त्यात काही नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कागदाला कशाला भ्यायचं, असं तू विचारलं होतंस. हसनच्या तारेच्या वेळी गाव चुकलं होतं, पण गाव तिच्याभोवती होतं. बाया होत्या, कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला होता, पलीकडच्या गावची माणसं वाटेला लागली होती. तुझ्या तारेच्या वेळी ती एकटी होती, तांदूळ निवडत होती आणि खुशीत होती. दुपारपासून उन्हं कलेपर्यंत त्या गावात तू जिवंत होतास, आणि ते तुझ्यामुळे. तिला जीपच्या मागच्या बाजूने सगळं एकदम कळलं. तू तिची भीती काढून घेतलीस आणि भीतीच्या जागी तिला वाचता येण्याची सोय अजून ठेवली नव्हतीस. मधल्या काळात तू गेलास.

हा आरोप म्हणून लिहिला आहे. खोडत नाही. पण त्याच्याखाली दुसरंही लिहितो, कारण तेही घडलं आहे. आपल्या मुलाच्या तारेला न घाबरणारी आई त्या पट्ट्यात मी दुसरी पाहिली नाही. वर्षानुवर्षं तिच्या दारात तार आली की ती हसत होती. ते हसणं खोटं नव्हतं. शेवटच्या दिवशीचंही नव्हतं. यातलं कशाचं पारडं जड, हे मला ठरवता येत नाही. तुझ्याशी भांडून ठरलं असतं.

शेडमधलं यंत्र तसंच आहे. तू आजारी पडण्याआधी काहीतरी छापत होतास. कागदावर शब्द अर्धा आहे आणि पाच खटक्यांत एक रांग अडकलेली आहे. कोणतं अक्षर आहे ते खटके पाहून मला सांगता येईल, पण रिकाम्या जागेची पट्टी मी दाबलेली नाही. व्यवस्थापकांनी भंगारवाल्याला बोलावलं आहे.

जियारतीला, म्हणजे तुझ्या कबरीवरच्या दुआला, मी पुन्हा गावी गेलो. दुआ झाली, माणसं ओट्यावर बसली. अम्माने कोनाड्यातून तार काढली. ती अजून बंदच होती. मास्तर पुढे झाले.

"तुमी नगा, मास्तर," ती म्हणाली. "तुमी एकदा वाचलं माझ्यासाटी." मग माझ्याकडे वळली. "दिनकर, तुला आमची अक्षरं येत्यात म्हणायचा दस्तू."

"सुटी येतात, अम्मा. जोडता येत नाहीत."

"सुटी तर सुटी. तोंडानं सांगू नगंस. लिवून दे. मी वाचीन."

"त्यात काय आहे ते तुम्हाला..."

"ठावं हाय. तरी मी वाचीन. दस्तूची म्हणून हातात घेतलीया मी. न वाचता कशी ठिवू?"

मास्तरांच्या खिशातली पेन्सिल घेतली. तार फोडली. इंग्रजी शब्द होते तेवढेच, तिच्या शब्दांत, उजवीकडून लिहायला बसलो. फितीवरून वाचायचो तसं, एक अक्षर, मग दुसरं, कुणीच कुणाचा हात न धरलेलं. पहिला शब्द तुझं नाव. दाल, सीन, ते. मग ग आला. माझा हात थांबला. ग मला वेगळा कधी शिकवला नव्हतास. मी तक्त्यावर होतं तसं छोटं वर्तुळ काढलं आणि पुढे क लिहिला.

अम्माने वर्तुळावर बोट ठेवलं. "हे काय?"

"दस्तगीरची खूण आहे. पुढचं अक्षर आपल्याकडचं, असं सांगायला."

तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली. क च्या डोक्यावर आणखी एक तिरपी रेघ दिली. ग झाला. वर्तुळ तिने खोडलं नाही. पेन्सिल परत दिली.

मी पुढे निधनाचा शब्द लिहिला. इंतकाल. त्यात एक अक्षर चुकलं असावं, कारण तिथे तिचं बोट जरा अडलं आणि ओलांडून गेलं. आज. दफन.

ती वाचत होती, ओठ न हलवता, एकेका अक्षरावर बोट ठेवत. सुट्या अक्षरांचं एक असतं, दस्तगीर, जे तुझ्या-माझ्या वादात कधी निघालं नाही. सुटं लिहिलं की प्रत्येक अक्षर शेवटच्या अक्षरासारखं दिसतं. प्रत्येकाचं शेपूट मोकळं, प्रत्येकाच्या पुढे कुणी नसल्यासारखं. जोडण्याचं काम तिने केलं. तू म्हणाला होतास तसंच, अक्षर पाठवलं की पुरतं, ही गोष्ट खरी निघाली, आणि त्या बाबतीत मी हरलो. पण कुठे थांबायचं हे त्या अक्षरांवरून तिला कळणार नव्हतं.

शेवटच्या नूनवर तिचं बोट आलं. वाटी, आणि वाटीत टिंब. बोट तिथेच राहिलं. 

"अजून हाय का रं फुडं?" तिने विचारलं.

"नाही, अम्मा," मी म्हणालो.

मग तिने बोट उचललं.